खेकड्याला दुखतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करतो हे कळलं की लोक हमखास विचारतात, "खेकड्याला, माशाला खरंच दुखतं का हो?" त्यांना हो किंवा नाही एवढंच हवं असतं. मी मात्र बेडकापासून सुरुवात करतो.

कॉलेजच्या प्रॅक्टिकलला आम्हाला मेंदू नष्ट केलेला बेडूक दिला होता. शाबूत होता तो फक्त मज्जारज्जू. सौम्य आम्लात बुडवलेला कागदाचा कपटा त्याच्या कातडीवर ठेवला, तर त्यानं मागचा पाय उचलून तो नेमका झटकून टाकला! शेजारची मुलगी पुटपुटली, "झोंबतंय त्याला." पण झोंबतंय ते कोणाला? जर्मन शास्त्रज्ञ एडुआर्ड फ्ल्यूगर यांनी 1853 साली असाच प्रकार पाहून मज्जारज्जूतही जाणीव असली पाहिजे असं म्हटलं होतं, आणि त्यावर कडाक्याचा वाद झाला होता. मला तेव्हा एवढंच कळलं की नुसत्या तडफडण्यावर विसंबून चालणार नाही. इजा टिपणाऱ्या नसा वेगळ्या आणि दुखणं वेगळं. आपलाही हात विस्तवावरून आधी मागे येतो, चटका मागाहून जाणवतो.

मग पाहायचं काय? मला सगळ्यात पटतो तो सौदा, म्हणजे प्राणी त्रास आणि फायदा तोलून बघतो का ते. हर्मिट क्रॅब हा दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारा खेकडा. बेलफास्टच्या रॉबर्ट एलवूड आणि मिरियम आपेल यांनी 2009 साली अशा खेकड्यांना शंखातच विजेचे हलके झटके दिले. नावडत्या शंखातले खेकडे लवकर बाहेर पडले, आवडत्या शंखातले मात्र सहजी घर सोडीनात. पुढच्या एका प्रयोगात पाण्यात शिकाऱ्याचा वास मिसळला, तर तेच झटके खाऊनही कमी खेकडे बाहेर आले. निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया असती तर तिला घराची प्रत आणि बाहेरचा धोका यांच्याशी काय देणंघेणं? इथे त्रास एका पारड्यात आणि घर दुसऱ्या पारड्यात पडतंय.

यावर माझे काही सहकारी म्हणतात, "असा हिशेब करणारं यंत्र मीही बनवून देतो, त्याला काय दुखणार आहे?" मुद्दा बिनतोड आहे. जाणीव बाहेरून मोजायचं उपकरण कोणाकडेच नाही, आणि माणसाच्या बाबतीतही आपण शेवटी त्याच्या सांगण्यावरच भिस्त ठेवतो. ज्याला सांगता येत नाही त्याचं काय होतं, हे आपण पाहिलेलं आहे. 1980च्या दशकापर्यंत नवजात बाळांवर कित्येकदा पुरेशी भूल न देताच शस्त्रक्रिया होत. बाळाचं आक्रसणं प्रतिक्षिप्त म्हणून सोडून दिलं जाई. 1987 साली डॉ. कनवलजीत आनंद आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या शरीरात ताणाची संप्रेरकं कमी वाढतात. तेव्हा कुठे विचार बदलायला लागला. भूल न देणाऱ्या डॉक्टरांनीही पुरावा नाही म्हणून 'नाही' असंच धरून चाललं होतं.

ब्रिटनने 2022च्या कायद्यात खेकडे आणि ऑक्टोपस यांना संवेदनशील, म्हणजे सुखदुःख जाणवणाऱ्या, प्राण्यांत धरलं, तेही शंभर टक्के खात्री झाली म्हणून नव्हे. पुरावा पुरेसा वजनदार वाटला म्हणून.

इथवर ऐकून माणसं घड्याळ बघतात आणि विचारतात, "म्हणजे हो की नाही?" खेकड्यापुरतं माझं उत्तर: बहुधा हो. आमच्या त्या बेडकाचं विचाराल, तर नाही. आणि भुंग्यांचं? 2022 साली कीटकांचे अभ्यासक लार्स चिटका यांच्या प्रयोगशाळेत ते कसलंही बक्षीस नसताना लाकडी गोळ्या लोटत बसले होते. त्याला खेळ म्हणावं का, म्हणजे त्यांनाही काही जाणवतं असं धरावं का, यावर माझं मत दर आठवड्याला बदलतं.