ओट्याशी स्टूल

'जरा नीट खात जा, म्हणजे अंगात ताकद येईल.' गेल्या तीन वर्षांत हा सल्ला मला भाजीवाल्या मावशींपासून लांबच्या मामेसासऱ्यांपर्यंत सगळ्यांनी दिलाय. सल्ला खोटा नाही. गोम एवढीच, की नीट खायचं तर आधी नीट रांधावं लागतं, आणि रांधायला जी ताकद लागते ती म्हणे खाल्ल्यावर येणार.

एका तापातून उठले, ताप गेला, थकवा मुक्कामाला राहिला. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी१२, सगळे रिपोर्ट नॉर्मल. नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन रडलेली बाई मी एकटीच असेन. सहा-सात महिन्यांनी डॉक्टरांनी 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम', म्हणजे न हटणाऱ्या थकव्याचा आजार, हे नाव दिलं. याची खोड अशी, की तो बिल उशिरा पाठवतो. आज उत्साहानं वीस पोळ्या लाटाव्यात आणि परवा सकाळी दात घासायला हात वर होऊ नये. झोपून उठलं तरी झोप झाल्यासारखं वाटत नाही.

मग सुरू झाले प्रयोग. अळिवाचे लाडू झाले, बिटाचा रस झाला. कुणी गहू सोड म्हणालं, कुणी दूध. ब्रिटनमधल्या नाइस या, उपचार कसे करावेत हे सांगणाऱ्या सरकारी संस्थेनं या आजारावर २०२१ मध्ये मार्गदर्शिका काढली. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी तो बरा होतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असं तीत स्पष्ट म्हटलंय. समतोल जेवा, पाणी पुरेसं प्या, इतकंच. वाचून मला हायसं वाटलं. मला बरं करायची जबाबदारी त्या बिचाऱ्या बिटाच्या डोक्यावरून उतरली. जेवणानं आता एवढंच करायचं, की थकव्यात भुकेची भर पडू द्यायची नाही.

म्हणून ओट्याशी उंच स्टूल आणलं. माझी आजी चुलीपुढे पाटावर बसून पंधरा माणसांचं रांधायची. पुढे घरात ओटा आला, त्याला आपण सुधारणा म्हटलं, आणि बायका उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. मेथीची जुडी मी आता कॉटवर वर्तमानपत्र पसरून निवडते. पानं एकीकडे, देठं दुसरीकडे. नखं हिरवी होतात, बोटांना तो कडसर वास राहतो. अर्धी झाली की बास. उरलेली ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये, उद्यासाठी. कुकरमध्ये खाली मुगाची खिचडी, वरच्या भांड्यात पाण्यात दोन अंडी. तेवढंही जमणार नसेल तर गरम भात, मेतकूट, तूप. डब्यात दाण्याचे लाडू असतातच, चार वाजता हातपाय गळायच्या आत एक तोंडात टाकायला.

खरा धोका बऱ्या दिवसांचा. परवा असंच बरं वाटलं आणि मी पुरण शिजत घालायला निघाले. डाळ भिजवलीही होती. मग स्टुलावर बसून जरा विचार केला आणि तिची आमटी केली.

सासूबाईंनी सुरुवातीला त्या स्टुलाकडे पाहून नाक मुरडलं होतं. 'बसून कसला गं स्वयंपाक!' हल्ली सकाळी मी स्वयंपाकघरात जाते तेव्हा त्याच त्यावर बसून मटार सोलत असतात. माझ्यासाठी आता दुसरं स्टूल बघायला हवं.