एकानेही विचारलं नाही

मंगळवार, रात्री

सकाळी सायकलच्या कुलपात किल्ली तुटली. अर्धा तुकडा आत, अर्धा माझ्या हातात. शेवटी लोखंड कापायची करवत आणली आणि भर वर्दळीत केबल कापायला बसलो. वरचं प्लास्टिक पटकन निघालं, पण आतल्या तारा एकेक करून तुटत होत्या आणि पातं सारखं अडकत होतं. आवाज चांगलाच येत होता. माणसं येत-जात होती. एक बाई थबकल्या, माझ्याकडे पाहिलं, मग आजूबाजूच्यांकडे पाहिलं आणि निघून गेल्या. सायकल माझीच होती, पण हे त्यांना कुठे ठाऊक होतं?

दिवसभर तेच डोक्यात आहे. माझ्या जागी चोर असता तर त्यालाही असाच निवांत वेळ मिळाला असता.

तरी ‘लोकांना कशाचं काही पडलेलं नाही’ असं मी म्हणणार नाही. त्या बाईंनी आधी इतरांकडे पाहिलं, त्यातच सगळं आलं. बाकीचे शांत आहेत, म्हणजे काळजीचं काही नसावं! बिब लाताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये असाच प्रयोग केला होता. बसल्या खोलीत धूर येऊ लागल्यावर एकट्या असलेल्यांपैकी ७५ टक्के जणांनी बाहेर जाऊन सांगितलं. पण सोबत ढिम्म बसून राहणारे दोघे असले, तेव्हा फक्त १० टक्के जण उठले. ते दोघे अर्थातच आधी पढवलेले होते.

याहून मोलाचा वाटतो तो थॉमस मोरियार्टींचा १९७५ चा प्रयोग. समुद्रकिनाऱ्यावर एक जण शेजारच्याला ‘जरा माझ्या सामानाकडे लक्ष ठेवाल का?’ असं सांगून जायचा. मग दुसरा येऊन त्याचा रेडिओ उचलायचा. ज्यांना सांगून ठेवलं होतं, त्यांच्यातल्या ९५ टक्के लोकांनी चोराला हटकलं. ज्यांना सांगितलं नव्हतं, त्यांच्यातल्या जेमतेम २० टक्के लोकांनी. माणसं तशीच, फरक पडला तो एका वाक्याने. मला तर हे वाचून फार धीर आला.

रस्त्यावरच्या भांडणांचं सीसीटीव्ही चित्रीकरण तपासणाऱ्या २०१९ च्या एका अभ्यासातही दहापैकी नऊ प्रसंगांत कुणी ना कुणी मध्ये पडलेलं दिसलं. भांडण उघड दिसतं. सायकलचोरी मात्र चोरीसारखी दिसतच नाही. कुलूप कापणारा मालकही असू शकतो, आज मी होतो तसा. कुणावर उगाच आळ घ्यायला जीव धजत नाही, आणि ते बरोबरही आहे.

पण आळ घ्यायची गरजच काय? ‘कुलूप अडकलंय का? मदत करू?’ एवढं विचारलं तरी पुरे. मालक असेल तर त्याला बरंच वाटेल. मला तर नक्कीच वाटलं असतं. चोर असेल तर आपल्याला कुणीतरी नीट पाहिलंय, हे त्याला कळेल. तो अंगावर आला, तर झटापट करायची नाही. त्याच्या हातात हत्यार आहे आणि सायकल काही जिवापेक्षा मोठी नाही. लांब उभं राहून पोलिसांना फोन करायचा, कपडे कसले आणि गेला कुठल्या दिशेने ते सांगायचं. आणि सोबत कुणी हवं असेल तर ‘अहो, कुणीतरी या’ असं मोघम ओरडायचं नाही. एकाच माणसाकडे बघून म्हणायचं, ‘निळ्या शर्टवाले दादा, जरा इथे थांबता का माझ्याबरोबर?’