चुंबक फ्रिजवरच राहिला

मी आणि माझ्या जाऊबाई पॉलिमर क्लेच्या चिमुकल्या वस्तू करतो, पुस्तकं, कप, किटल्या, मागे चुंबक लावून फ्रिजच्या दारावर चिकटवायच्या. पहिल्या मोठ्या ऑर्डरचे 40 नग आम्ही पाठवले आणि तिसऱ्या आठवड्यात त्यातला एक परत आला. डबीत कापसावर ठेवलेलं, तांबड्या बांधणीचं, अंगठ्याच्या नखाएवढं पुस्तक. एक कोपरा उडालेला. सोबत चिठ्ठी: "पुस्तक खाली पडलं. चुंबक फ्रिजवरच राहिलाय."

ती चिठ्ठी मी आणि जाऊबाईंनी आळीपाळीने दोन-तीनदा वाचली. त्या पुस्तकाची पानं मी ब्लेडच्या टोकाने एकेक रेघ ओढून काढली होती. पाठीवरची सोनेरी पट्टी जाऊबाईंनी अगदी मोजक्या केसांच्या ब्रशने, श्वास रोखून रंगवली होती. एका पुस्तकामागे दोघींचा मिळून पाऊण तास जात होता. आणि मागचा चुंबक चिकटवायला किती वेळ दिला होता? सुपरग्लूचा एक थेंब आणि दहा सेकंद. "अगं, आपण चेहराच सजवत बसलो, पाठीकडे बघितलंच नाही," जाऊबाई म्हणाल्या. आमच्या उद्योगाची सुरुवात मी पहिल्या विक्रीपासून धरत नाही, या वाक्यापासून धरते.

त्याआधी वर्षभर आम्ही पॉलिमर क्लेशी नुसत्या खेळत होतो. नावात क्ले असलं तरी यात माती नसते. पीव्हीसीची अतिशय बारीक पूड, तिला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर आणि रंग, असं ते मिश्रण असतं. हवेत ते वाळत नाही. उष्णता मिळाली की कण एकमेकांत मिसळून एकजीव होतात, तेव्हाच ते कडक होतं. दोन बायकांनी घर सांभाळून करायच्या उद्योगाला यासारखं सोयीचं दुसरं काही नाही. अर्धवट झालेली किटली झाकून ठेवावी, दोन दिवसांनी पुन्हा हातात घ्यावी, ती तशीच मऊ असते. फक्त ठेवायची कशात, हे बघावं लागतं. कच्ची क्ले आम्ही सुरुवातीला कडक पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत ठेवली. आठवड्याने डबीचा तळ चिकट झाला आणि क्ले त्यात रुतून बसली. त्या डबीचं प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, आणि प्लास्टिसायझर त्याला विरघळवतं, हे तेव्हा कळलं. आता काचेच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या डब्या वापरतो, तळावर पॉलिप्रॉपिलीनच्या खुणेचा 5 आकडा बघून घेतलेल्या.

या कामातला खरा शत्रू धूळ. पांढऱ्या क्लेवर स्वेटरचा एक तंतू बसला तरी तो भाजून कायमचा पक्का होतो. म्हणून दिवसाची सुरुवात नेहमी पांढऱ्याने, मग पिवळा, मग बाकीचे, आणि लाल-काळा अगदी शेवटी. लाल रंग हाताला लागतो आणि दोनदा हात धुतले तरी पुढच्या पांढऱ्यात गुलाबी झाक उतरते. मी टेबलाशी बसताना सुती आणि फिक्या रंगाचेच कपडे घालते. वेट वाइप्सचं पाकीट डाव्या हाताला, रबिंग अल्कोहोलची बाटली उजव्या हाताला. एवढं करूनही एखादा ठिपका राहतोच. तो भाजण्याआधी सुईच्या टोकाने उचलता येतो, भाजल्यावर मात्र ब्लेडने खरवडावा लागतो.

मळण्याला कंटाळा करून चालत नाही. पाकिटातून काढलेली क्ले तशीच वापरली तर कडा चिरतात. हाताची ऊब लागेपर्यंत मळायची, मग घडी करून पास्ता मशीनच्या, म्हणजे पातळ थर लाटणाऱ्या यंत्राच्या, रुळांमधून काढायची, आणि प्रत्येक वेळी घडीची बाजू आधी आत घालायची म्हणजे हवा अडकत नाही. अडकलेली हवा भाजताना फुगते आणि गुळगुळीत किटलीच्या पोटावर फोड येतो.

आता ओव्हन. इथे मी जरा थांबणार आहे, कारण नवीन माणसं सगळ्यात जास्त इथेच फसतात. स्कल्पी नावाची क्ले 1960 च्या दशकात अमेरिकेत तयार झाली ती मुळात ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातली उष्णता बाहेर वाहून नेण्याच्या कामासाठी. त्या कामात ती चालली नाही, पण भाजून कडक होते हे लक्षात आलं आणि पुढे ती कलाकारांच्या हातात आली. म्हणजे हा पदार्थ जन्मापासून उष्णतेशी जोडलेला आहे आणि त्याचं भलंबुरं तीच ठरवते. बहुतेक कंपन्यांची क्ले 110 ते 130 अंश सेल्सिअसला भाजतात. पाकिटावर लिहिलेलं असतं, ते पाळायचं. अडचण अशी की छोट्या ओव्हनचं बटण 130 वर असलं तरी कॉइलजवळ आत वेगळंच तापमान असतं. आमचे पहिले पांढरे कप बदामी होऊन बाहेर आले. मग आत ठेवायचा वेगळा थर्मामीटर आणला, तेव्हा समजलं की बटणावर 130 असताना काटा मधूनच 160 च्या पुढे जातोय. तेव्हापासून नग सिरॅमिक टाइलवर कागद घालून ठेवतो, वरून अॅल्युमिनियम फॉइलचा तंबू करतो आणि काटा स्थिर झाल्याशिवाय आत काही घालत नाही. फार तापली तर क्ले जळते आणि हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो, तो नाकाडोळ्यांना झोंबतो. म्हणून भाजताना खिडकी उघडी आणि ओव्हन फक्त याच कामाचा. क्लेला लागलेलं एकही हत्यार परत स्वयंपाकघरात जात नाही.

जळण्याच्या भीतीने कमी भाजणं ही दुसरी चूक, आणि ती दिसत नाही म्हणून जास्त वाईट. कमी भाजलेला नग दिसायला अगदी ठीक असतो, पण पडला की कट्कन तुटतो. पूर्ण भाजलेली पातळ पट्टी वाकते आणि परत सरळ होते. प्रत्येक खेपेला नगांबरोबर अशी एक पट्टी भाजायची आणि वाकवून बघायची, ही जाऊबाईंची पद्धत. पट्टी मोडली तर ती अख्खी खेप परत ओव्हनमध्ये जाते. पुन्हा भाजल्याने क्लेचं नुकसान होत नाही, तापमान सांभाळलं म्हणजे झालं.

चिठ्ठी आल्यावर आम्ही दोन महिने नवीन नमुना केला नाही, फक्त पाठीवर काम केलं. आधी वाटलं, चुंबक कच्च्या क्लेत दाबून सगळं एकत्रच भाजावं, मग सुटायचा प्रश्नच नाही. तसे बारा नग केले. दिसायला सुरेख. पण फ्रिजला लावले तर एक साधा कागद धरेनात. आम्ही वापरत होतो ते निओडिमियम चुंबक 1980 च्या दशकात पुढे आले. आकाराच्या मानाने त्यांची ताकद थक्क करणारी, पण त्यांच्या साध्या प्रकाराला 80 अंशांच्या वर तापवलं की ताकद कमी होते आणि थंड झाल्यावरही ती परत येत नाही. काळे फेराइट चुंबक ओव्हनचं तापमान सहज सोसतात, पण तेवढी पकड हवी तर ते बरेच मोठे घ्यावे लागतात. नखाएवढ्या पुस्तकामागे ते मावतच नाहीत.

म्हणजे लहान नगांना निओडिमियमच हवा आणि तो भाजल्यानंतरच लावायला हवा. मग चिकटवण्याकडे वळलो. चुंबकावर निकेलचा चकचकीत मुलामा असतो, त्यावर गोंद नीट धरत नाही. सुपरग्लू कडक आणि ठिसूळ. फ्रिजचं दार रोज कितीदा आपटतं, त्या प्रत्येक धक्क्याने तो सुटत जातो. आता आम्ही चुंबकाची एक बाजू आणि क्लेची पाठ, दोन्ही पॉलिश पेपरने खरखरीत करतो, अल्कोहोलने पुसतो आणि दोन नळ्यांतून काढून मिसळायचा इपॉक्सी गोंद लावतो. चोवीस तास हात लावत नाही.

पण सगळ्यात मोठा फरक पडला तो खोबणीने. भाजण्याआधी पाठीत चुंबकाच्याच मापाची, 10 मिलिमीटर व्यासाची आणि 2 मिलिमीटर जाडीची, स्टीलची चकती टाल्कम पावडर लावून दाबायची आणि तशीच भाजायची. नंतर चकती काढली की घर तयार. इपॉक्सी त्या घरात भरतो आणि चुंबक आत बसतो. कडेची क्ले त्याला चारी बाजूंनी धरून ठेवते, सगळा भार गोंदावर राहत नाही. चुंबकाचं तोंड मात्र पाठीच्या केसभर वर ठेवायचं, कारण दार आणि चुंबक यांच्यात थोडीशी फट पडली तरी पकड झपाट्याने उतरते. हे केसभर जमायला मला तीस-चाळीस नग लागले.

चुंबक किती वजन उचलतो, हा आकडाही फसवा. तो सरळ ओढून काढतानाचा असतो. उभ्या दारावर नग खाली घसरतो, आणि घसरण्याला चुंबक त्या मानाने फार कमी ताकदीने अडवतो. म्हणून आम्ही आकड्यावर विसंबत नाही. आमच्या फ्रिजवर नगाखाली चार घड्यांचा कागद लावायचा आणि दार 50 वेळा धाडकन लावायचं. नग तसूभर सरकला तरी तो नमुना नापास.

ऑर्डर घेताना आम्ही आधी विचारतो: घरातला कुठलाही चुंबक फ्रिजच्या दाराला लावून पाहिलात का? काचेच्या दाराला चिकटत नाही, आणि स्टेनलेस स्टीलच्या काही प्रकारांनाही नाही. या प्रश्नामुळे दोन-चार ऑर्डरी जातात. जाऊ देत.

एक मोठी ऑर्डर आम्ही स्वतःहून नाकारली. लहान मुलांना वाटायला शंभर प्राणी हवे होते. काम आवडीचं होतं आणि पैशांची गरजही होती. पण असे दोन चुंबक मुलाने गिळले तर ते आतड्याच्या वेगवेगळ्या वेढ्यांमधून एकमेकांना ओढतात, मधल्या आतड्याला छिद्र पडू शकतं आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. आमचे नग दिसायला खेळण्यासारखे आहेत, ते खेळणं नाहीत. डबीवर हे सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलंय, शेजारी पेसमेकर असणाऱ्यांसाठीही सूचना आहे. चुंबक निसटला तर लगेच उचलून ठेवा आणि आम्हाला कळवा, बदली नग पाठवतो, हेही तिथेच आहे.

परत आलेलं ते तांबडं पुस्तक मी दुरुस्त केलं नाही. उडालेल्या कोपऱ्यासकट ते टेबलावर समोर असतं. नवीन नमुना हातात घेतला की आता आम्ही आधी तो पालथा करतो. चुंबक कुठे बसेल, वजन कुठे झुकेल, कड किती जाड ठेवावी, हे ठरलं की मगच चेहरा. सध्या निळी किटली चालू आहे. तिचं वजन तोटीकडे जातं म्हणून ती दारावर तिरकी होते. कालपासून दोन छोटे चुंबक लावून बघतोय, एक पोटामागे आणि एक तोटीच्या मुळाशी. आत्ता मी हे लिहितेय आणि आतून दार आपटल्याचे आवाज येतायत. जाऊबाई मोठ्याने मोजतायत, छत्तीस झाले.