चांदीची पिवळी झाक

वीज नेणारा पारदर्शक लेप दिलेली काच पांढऱ्या कागदावर ठेवली आणि कडेला पिवळसर झाक दिसली. दिवसभर तीच डोक्यात.

लेपात खाली ग्राफीनचा, म्हणजे एका अणूइतक्या जाडीच्या कार्बनचा, एकच थर, वर चांदीचे नॅनोकण. ग्राफीनचा दोष नाही. एक थर जेमतेम 2.3 टक्के प्रकाश खातो, तोही सगळ्या रंगांचा जवळपास सारखाच. पिवळेपणा चांदीचा: 20 नॅनोमीटरचे सुटे कण 400 नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा-निळा उजेड शोषतात. म्हणजे झाक आहे तिथे कण एकमेकांना जुळलेलेच नाहीत. उजेड खातात, वीज नेत नाहीत. फुकटे!

"अजून थोडी चांदी टाकू या का?" हा प्रश्न हमखास येतो. नको. कणांवर पीव्हीपी या पॉलिमरचं आवरण असतं आणि ते वीज अडवतं. ते कमी करायला आधी इथेनॉलमध्ये दोन-तीनदा धुऊन सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून कण तळाशी बसवायचे), लेपानंतर 150 अंशांवर अर्धा तास.

कडेला गर्दी का? थेंब सुकताना कण काठाकडे ओढले जातात, चहाच्या कपाच्या डागासारखे. शाईत, म्हणजे कण मिसळलेल्या द्रवात, थोडं इथिलीन ग्लायकॉल घातलं की ते बरंच आवरतं.

ग्राफीन काचेवर उतरवताना मात्र घाई नडते. खाली पाणी अडकलेलं असताना एकदम तापवलं तर वाफेने थर फाटतो. काच तिरकी ठेवून रात्रभर सुकवायची, मग 60 अंश, मग 130. ग्राफीनला आधार देणारा प्लास्टिकचा थर विरघळवणारं अ‍ॅसिटोन त्यानंतर.

आणि मल्टीमीटरची दोन टोकं टेकवून आकडा सांगू नका, त्यात संपर्काचा रोधही येतो. चार टोकांचा प्रोब, व्होल्टेज भागिले करंट, गुणिले 4.53: हा थराचा रोध (शीट रेझिस्टन्स).

कडेचा पट्टा तुम्ही कापून टाकता, की मापात धरता?