उभ्या गाडीचं डिझेल

फोन आला तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते. 2024 चा फेब्रुवारी, द्राक्षांचा ऐन हंगाम. नाशिकच्या अंबडमधल्या माझ्या गॅरेजात तीन पिकअप एकदम उघडून ठेवलेल्या होत्या, हात ग्रीसने भरलेले. पोराने फोन कानाला धरला.

"मिस्तरी, कसारा घाटात अडकलोय. बारा वाजल्यापासून गाडी जागची हलली नाही. काटा पार खाली आलाय. इंजिन चालू ठेवू का बंद करू?"

या ड्रायव्हर मामांना मी पंधरा वर्षं ओळखतो. ते उगाच फोन करणाऱ्यातले नाहीत. त्यांच्या पाठीमागे रीफरचा, म्हणजे माल थंड ठेवणारा, डबा होता आणि डब्यात दिंडोरीच्या पॅकहाउसमधून पहाटे प्री-कूलिंग करून भरलेली द्राक्षं, पनेटमध्ये, म्हणजे छोट्या प्लास्टिकच्या डब्यांत, पॅक केलेली, भिवंडीच्या डेपोसाठी. खाली एक ट्रेलर आडवा झाला होता आणि घाटात माणूस चालेल एवढीच वाट उरली होती.

ज्यांनी ही गाडी जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडच्या लहान रीफर पिकअपमध्ये थंडाव्याचा कॉम्प्रेसर बहुतेक वेळा गाडीच्या इंजिनावरच पट्ट्याने चालतो. इंजिन बंद केलं की थंडावा बंद. आणि इंजिन पॅडल न दाबता नुसतं आयडलला ठेवलं तर कॉम्प्रेसरही मंद फिरतो, म्हणजे गाडी उन्हात उभी असते, थंडाव्याची गरज सगळ्यात जास्त असते, नेमका तेव्हाच तो अर्ध्या ताकदीने चालतो. म्हणून ड्रायव्हर पॅडलवर काहीतरी वजन ठेवून आरपीएम, म्हणजे इंजिनाचा वेग, वर ओढतात. मामांनी पाण्याची भरलेली बाटली आडवी अडकवली होती. त्यात डिझेल आणखी जातं. शिवाय त्यांना डिझेलची स्लिप मोजून मिळालेली, भिवंडीपर्यंत पुरेल एवढीच. मालकाच्या हिशोबात गाडी धावते ते किलोमीटर होते, उभी राहते ते तास नव्हते.

मी म्हटलं, "मामा, दार अजिबात उघडू नका. अर्धा तास बंद, दहा मिनिटं चालू, असं करा. मी निघतो."

घोटीच्या पंपावर वीस लीटरचा कॅन भरून घेतला. इगतपुरी ओलांडली आणि घाटनदेवीच्या अलीकडेच रांग लागली. गाडी कडेला लावली, कॅन खांद्यावर घेतला आणि उतरायला लागलो. ट्रक, बसगाड्या, टँकर, सगळे गप्प उभे. एका बसमधल्या बाया खाली उतरून कठड्याच्या सावलीला बसल्या होत्या, लहान लेकरांना पदराने वारा घालत. मधूनच एखादी गाडी घरघरत असायची. जवळ गेलं की कळायचं, कुणाकडे दूध आहे, कुणाकडे औषधं. ज्यांच्याकडे माल थंड ठेवायचा होता त्यांचीच इंजिनं चालू होती.

मामांच्या गाडीपाशी पोहोचलो तेव्हा साडेसहा वाजले होते. डब्याचा डिस्प्ले 13 अंश दाखवत होता. भरताना तो 2 वर होता. मामा बोनेटला टेकून उभे होते, डोळे लाल. म्हणाले, "मिस्तरी, एवढ्या वर्षांत माझ्या हातून माल खराब झाला नाही." मी काही बोललो नाही. डिझेल ओतलं, पाइपात धरलेली एअर काढली, स्टार्ट केली. रस्ता रात्री नऊला सुटला.

द्राक्ष थंडीतून उबेत आणि उबेतून परत थंडीत गेलं की मण्यांना पाणी सुटतं. पनेटच्या आतून धुकं धरतं, देठ काळवंडतात, मणी गळतात. भिवंडीत सुई घालून तापमान पाहिलं आणि वरच्या थरातले क्रेट परत केले. खालचे वाचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाचा मुलगा गॅरेजला आला. इंजिनिअरिंग केलेला, घरची बागही पाहतो, समजूतदार पोरगा. फोनवर हायब्रिड पिकअपची, म्हणजे इंजिनाच्या जोडीला मोटर आणि बॅटरी असलेल्या गाडीची, माहिती काढून आला होता. "काका, तिकडे अमेरिकेत असल्या गाड्या कधीच आल्यात. आपल्याकडे आल्या तर घेण्यात अर्थ आहे का? घाटात ब्रेक मारला की बॅटरी चार्ज होते, ॲव्हरेज वाढतं म्हणतात."

मी जॉबकार्डची मागची बाजू पुढे ओढली. हा हिशोब मला स्वतःलाच कधीचा करायचा होता.

भरलेली पिकअप धरा 3 टन. इगतपुरीपासून कसाऱ्यापर्यंत उतार साधारण 300 मीटरचा. एवढं वजन एवढं खाली आलं की जी ऊर्जा सुटते ती सुमारे 2.4 युनिट. त्यातली काही टायर आणि वारा खातो, काही मोटर आणि बॅटरीच्या ये-जा करण्यात जाते. हातात राहील एखादं युनिट, फार तर सव्वा. एक लीटर डिझेलमधून चांगल्या लोडवर इंजिन तीन-साडेतीन युनिटचं काम काढतं. म्हणजे अख्खा घाट उतरून वाचलं किती? पाव-अर्धा लीटर. नाशिकहून मुंबईला जायच्या 13-14 लीटरमध्ये तो आकडा दिसतही नाही. ब्रेकचे लायनर कमी झिजतील, हे खरं, आणि तापलेल्या ब्रेकची भीती कमी होईल, तेही मोलाचं. पण ॲव्हरेजसाठी म्हणून पैसे घालायचे, तर घाट त्याचं कारण होऊ शकत नाही. सपाट हायवेवर तर आणखी नाही. एका वेगाने चाललेल्या डिझेल इंजिनाला मोटरची मदत फारशी लागतच नाही. नाशिक शहरातल्या द्वारका चौक, मुंबई नाका, सीबीएस अशा पावलापावलाला थांबणाऱ्या शहरी फेऱ्यांमध्ये फायदा निश्चित आहे, पण तिथे आता सीएनजी आणि इलेक्ट्रिक छोट्या गाड्या आल्यात.

त्याचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "थांब, अजून संपलं नाही."

कालच्याच गाडीचा डिझेल पाइप काढून मापाच्या कॅनमध्ये सोडला, उरलेलं डिझेल परत आणणारी रिटर्नची लाइनही त्यातच. थंडावा चालू, आरपीएम मामांनी ठेवलं होतं तेवढंच. तासभर दोघं कॅनकडे बघत बसलो. 1.2 लीटर गेलं. पाच तासांचे झाले 6 लीटर. आता हाच कॉम्प्रेसर विजेवर चालवला तर त्याला साधारण दीड किलोवॅट लागतील, पाच तासांत साडेसात युनिट. इंजिन सलग घरघरत ठेवण्याऐवजी मधूनमधून चांगल्या लोडवर चालवून बॅटरी भरून घेतली तर तेवढ्याला अडीच लीटर पुरतं. एका संध्याकाळच्या कोंडीत साडेतीन लीटरची बचत. आणि कालच्या दिवसापुरतं बोलायचं तर तेवढ्याच डिझेलमध्ये दुप्पट वेळ थंडावा, तोही पूर्ण ताकदीचा, कारण विजेचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या वेगावर अवलंबून राहत नाही.

अमेरिकेतल्या फोर्ड एफ-150 च्या हायब्रिडमध्ये बॅटरी फक्त दीड युनिटची आहे. ती लहान वाटते, पण ती साठवणीसाठी नाहीच, ती इंजिनाला थांबू देण्यासाठी आहे. त्या गाडीच्या हौद्यात 7.2 किलोवॅटपर्यंतची वीज देणारे सॉकेट घेता येतात. 2021 च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये बर्फ पडून वीज गेली, तेव्हा लोकांनी त्या सॉकेटवर घरातले हीटर आणि फ्रिज चालवले. गाडी दारात उभी, आणि तीच घर चालवतेय. मला त्या गाडीचं सगळ्यात मोठं काम तेच वाटतं, तिची 430 हॉर्सपॉवर नव्हे.

पण ती गाडी जशीच्या तशी आपल्याला चालणार नाही, हेही त्याला सांगितलं. त्या हायब्रिडची भार वाहण्याची कमाल क्षमता 2,120 पौंड, म्हणजे साधारण 960 किलो. आपली बोलेरो मॅक्स पिकअप सत्तर-ऐंशी हॉर्सपॉवरवर 1.3 ते 2 टन वाहते. आपल्या माणसाची कमाई भारावर आहे. मोटर, बॅटरी, इन्व्हर्टर मिळून शंभर किलो वाढले तर टोमॅटोचे पाच क्रेट रोज कमी. पिंपळगावच्या मार्केटला रोज फेरी करणाऱ्याला कुणी हायब्रिड विकायला आला तर मी त्याला घेऊ देणार नाही. त्याची गाडी उभी असते तेव्हा इंजिन बंद असतं, बस. ज्याच्या गाडीला उभं राहूनही काम करावं लागतं, त्याच्यासाठी मात्र ही वस्तू हवी आहे. थंड माल, रस्त्यावरचं वेल्डिंग, बोअरच्या पंपाची दुरुस्ती, फिरता दवाखाना. आपल्याकडे गाडी बनवणाऱ्यांनी ॲव्हरेजचा आकडा जरा बाजूला ठेवून या माणसांकडे बघावं, असं मला फार वाटतं.

पोरगा बराच वेळ जॉबकार्ड बघत राहिला. मग म्हणाला, "काका, पण आमच्याकडे उभ्या तासांचा हिशोबच नाही."

त्या दिवसापासून त्यांच्या ट्रिपशीटवर एक रकाना वाढला. गाडी उभी, थंडावा चालू, किती तास. मार्चअखेर बेरीज करायला दोघं बसलो. मामांच्या गाडीचे 58 तास भरले, म्हणजे जवळपास 70 लीटर डिझेल एका जागी उभं राहून गेलेलं. त्यांच्याच टोमॅटोच्या पिकअपच्या रकान्यात ओळीने शून्यं होती. मालकाने तो कागद दोनदा वाचला आणि मामांच्या स्लिपमध्ये दर फेरीला 8 लीटर वाढवून दिले.

जून 2025 मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला. मामा आता बोगद्यातून जातात, घाट टळला. पण रकाना ते अजून भरतात, निळ्या पेनने, मिनिटासकट. परवाची ट्रिपशीट माझ्यासमोरच आहे. घाटाच्या जागी आता भिवंडीच्या डेपोचं गेट लिहिलंय, पुढे 3 तास 40 मिनिटं.