तुम्ही विचारलंत म्हणून : ऑनलाइन माफियाला माणसं किती लागतात?

व्हिडिओ कॉलवर माफिया खेळायला किती जण हवेत, आणि समोरासमोर बसल्यावर रंगणारा हा खेळ ऑनलाइन का फिसकटतो? हे दोन प्रश्न बहुतेक वेळा जोडीनंच येतात. खेळ असा : माफिया कोण हे गावकऱ्यांना ठाऊक नसतं, रात्री माफिया एका गावकऱ्याला मारतात आणि दिवसा सगळे मतदानानं एका संशयिताला बाहेर काढतात.

आधी आकडा. दोन माफिया असतील तर सूत्रधार, म्हणजे खेळ चालवणारा, सोडून ८ जण घ्या, ७ नकोत. खेळ रात्रीपासून सुरू होतो, त्यामुळे सातांपैकी पहिल्या सकाळी २ माफिया आणि ४ गावकरी उरतात. गावानं भलत्यालाच बाहेर काढलं की गावकरी ३, रात्री आणखी एक गेला की २. बरोबरी झाली की माफिया जिंकले. एका चुकीत खेळ खलास! आठांत एक चूक पचते. गंमत म्हणजे नववा आला तरी एकच पचते, वर संशयित एक वाढतो. डॉक्टरनं, म्हणजे रात्री एकाला वाचवू शकणाऱ्या गावकऱ्यानं, कुणाला वाचवलं तर हिशेब बदलतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

आता फिसकटण्याचं. दिमित्री डेव्हिडॉफनं १९८६ मध्ये मॉस्कोत हा खेळ रचला तो एकत्र बसून डोळे मिटणाऱ्यांसाठी. फोनवर डोळे मिटून काय उपयोग? रात्री ज्यांच्या नावाखाली ‘ऑनलाइन’ दिसतं ते पकडले जातात. म्हणून रात्री प्रत्येकानं, साध्या गावकऱ्यानंही, सूत्रधाराला काहीतरी एक मेसेज पाठवायचाच. रात्र पूर्ण एक मिनिटाची, सगळ्यांची उत्तरं दहा सेकंदांत आली तरी. डॉक्टर मेला तरी ‘डॉक्टर, कुणाला वाचवणार?’ हे विचारत राहायचं, नाहीतर तो गेल्याचं गावाला फुकटात कळतं.

मतदान तोंडी घेऊ नका. शेवटचे दोघे-तिघे वारा बघून मत देतात. सगळ्यांनी नाव टाइप करून ठेवावं आणि ‘तीन’ म्हटल्यावर एकदम पाठवावं.

सगळ्यात वाईट म्हणजे स्क्रीनशॉट. आपल्या भूमिकेचा मेसेज कुणी पुरावा म्हणून दाखवला की खोटं बोलायला जागाच उरत नाही, मग खेळायचं काय? ही बंदी पहिल्या डावाआधीच सांगा.

बाद झालेल्यांना गप्प बसवत नाही, त्यांना वेगळा ग्रुप द्या. २०१८ मध्ये आलेल्या ‘अमंग अस’ या माफियासारख्याच व्हिडिओ गेममध्ये मेलेल्यांचं चॅट जिवंतांना दिसतच नाही. व्हिडिओ कॉलवर मात्र त्यांचा कॅमेराही बंद ठेवावा लागतो, कारण खरा माफिया कोण हे कळलेला माणूस हसू दाबू शकत नाही.