विमानवाहू नौकेच्या डेकवरचं कसब जपायचं कसं?

विमानवाहू नौका किंवा तिच्यावरची जेट निवृत्त झाली की चर्चा होते ती वैमानिकांची. खरं तर त्यांची सोय त्यातल्या त्यात लवकर लागते. मित्रदेशाच्या नौदलात पाठवलं की त्यांचा हात चालू राहतो. अडचण होते ती डेकवर रंगीत जर्सी घालून राबणाऱ्यांची: विमानाला इशारे देत जागेवर नेणारे पिवळ्या जर्सीवाले, चॉक (चाकांना लावायची अडणी) आणि साखळ्या लावणारे, अरेस्टर गिअर (हुकने तार पकडून उतरणाऱ्या विमानाला थांबवणारी यंत्रणा) सांभाळणारे, इंधन भरणारे. यांचं कसब जेट असलेल्या डेकवरच पक्कं होतं.

ब्रिटनने डिसेंबर २०१० मध्ये हॅरिअर जेट विमानं सेवेतून काढली आणि मार्च २०११ मध्ये ‘आर्क रॉयल’ ही विमानवाहू नौका निवृत्त केली. दुसरी नौका ‘इलस्ट्रियस’ २०१४ पर्यंत होती, पण हेलिकॉप्टरपुरती. नव्या ‘क्वीन एलिझाबेथ’वर पहिलं एफ-३५बी जेट उतरलं ते २५ सप्टेंबर २०१८ ला. मध्ये जवळजवळ आठ वर्षं गेली. नवा खलाशी चॉक लावायला काही महिन्यांत शिकतो, पण त्याच्यावर नजर ठेवणारा पेटी ऑफिसर तयार व्हायला अनेक वर्षं जातात. या आठ वर्षांत जुने जाणकार निवृत्त होतात, मधल्या फळीतले दुसऱ्या शाखेत जातात आणि नव्यांनी जेट कधी जवळून पाहिलेलंच नसतं. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान या मधल्या फळीचं होतं.

हेलिकॉप्टरच्या डेकवर वाढलेल्या माणसाला जेटसाठी पुष्कळ काही नव्याने अंगवळणी पाडावं लागतं. हेलिकॉप्टरचा वारा वरून खाली येतो आणि चहूकडे पसरतो. जेटला पुढे ओढून घेणारं तोंड असतं आणि मागे तापलेला झोत. विमान वळलं की तो झोतही डेकवरून फिरतो. आता सुरक्षित असलेली जागा पाच सेकंदांनी सुरक्षित राहीलच असं नाही. म्हणून विमान वळवायच्या आधी मागे कोण आहे, साखळ्यांचा ढीग कुठे पडलाय, ट्रॅक्टर कुठे उभा आहे, हे पिवळ्या जर्सीवाल्याने पाहून ठेवलेलं असावं लागतं. इशाऱ्यांचाही एक जुना, पक्का नियम आहे: कमरेच्या वरचे इशारे वैमानिकासाठी, कमरेखालचे डेकवरच्या माणसांसाठी. इशारा देणारा दिसेनासा झाला तर वैमानिकाने जागच्या जागी थांबायचं. एका पिवळ्या जर्सीकडून दुसऱ्याकडे विमान सोपवताना, पुढच्याने ताबा घेतल्याशिवाय पहिल्याने हात खाली करायचा नाही. हे कागदावर चार ओळींत मावतं. रात्री, पावसात, डेक डोलत असताना ते हातून आपोआप व्हायला हवं, आणि तिथपर्यंत पोहोचायला नुसती पुस्तिका पुरत नाही.

अरेस्टर गिअरचं काम तर त्याहून निष्ठुर. तार पकडणाऱ्या प्रत्येक विमानाच्या वजनाप्रमाणे खालच्या यंत्राची जुळणी बदलावी लागते. ती कमी पडली तर विमान डेकवर थांबत नाही. जास्त झाली तर विमानाच्या सांगाड्यावर आणि हुकवर नको तितका ताण येतो. १८ मार्च २०१६ ला अमेरिकेच्या ‘आयझेनहॉवर’वर ई-२सी हे टेहळणी विमान उतरताना तार तुटली आणि आठ जण जखमी झाले. विमान डेकच्या टोकावरून खाली गेलं, पण वैमानिकांनी ते सावरून पुन्हा वर नेलं. चौकशीत निघालं ते असं की, आधीच्या बिघाडावर काम करताना देखभालीतल्या महत्त्वाच्या पायऱ्या सुटल्या होत्या. सतत जेट चालवणाऱ्या नौदलात हे घडतं, तर खंड पडलेल्या नौदलाने किती जपायला हवं!

आपल्याकडेही असा खंड पडला होता. जुन्या ‘विक्रांत’वर कॅटपल्ट (विमानाला वेगाने ढकलून उडवणारं यंत्र) आणि तारा दोन्ही होत्या, सी-हॉक आणि अलिझे विमानं हुकने तार पकडून उतरत. सी-हॅरिअर आली तशी डेकच्या टोकाच्या चढत्या रॅम्पवरून उड्डाण आणि उभं, म्हणजे हेलिकॉप्टरसारखं सरळ खाली, उतरणं सुरू झालं. १९८७ च्या सुमारास ‘विक्रांत’वरून अलिझे गेली, आणि तारांचं काम परत आलं ते नोव्हेंबर २०१३ मध्ये दाखल झालेल्या ‘विक्रमादित्य’बरोबर. पाव शतकाहून जास्त काळ गेला. ते कसब नव्याने उभं करावं लागलं: वैमानिक प्रशिक्षणासाठी अमेरिकेला गेले, गोव्यात ‘आयएनएस हंसा’वर जमिनीवरच रॅम्प आणि अरेस्टर तारा बसवल्या. नौदलासाठीच्या तेजसने सप्टेंबर २०१९ मध्ये तिथे तार पकडली आणि ११ जानेवारी २०२० ला ‘विक्रमादित्य’वर.

ब्रिटनने डेकवरची माणसं अमेरिकी नौकांवर पाठवली, ते योग्यच केलं. पण कुठली नौका, यालाही महत्त्व आहे. कॅटपल्टच्या डेकवर गर्दीचं, झोताचं, वेगाचं भान येतं. उभं उतरणं मात्र तिथे शिकता येत नाही. त्यासाठी एफ-३५बी चालवणाऱ्या ‘वास्प’सारख्या नौकाच हव्यात. शिवाय एकेकट्याला पाठवण्यापेक्षा पिवळी जर्सी, चॉकवाले आणि अग्निशमनवाले अशी पूर्ण तुकडी पाठवावी. एकटा माणूस स्वतःपुरतं शिकून येतो, तुकडी एकमेकांशी कसं बोलायचं तेही घेऊन येते. परतल्यावर दुसरीकडे बदली झाली तर सगळा खर्च पाण्यात. त्यांना काही वर्षं डेकच्याच कामावर बांधून ठेवायला हवं.

किनाऱ्यावर कॉर्नवॉलच्या कल्ड्रोज तळावर निवृत्त सी-हॅरिअर चालत्या इंजिनासह नकली डेकवर फिरवली जात. सिम्युलेटरमध्ये झोत अंगावर येत नाही, इंजिनाच्या आवाजात हाक कशी बुडून जाते तेही कळत नाही. कल्ड्रोजला दोन्ही अनुभवता यायचं. म्हणून जुनी विमानं भंगारात काढताना दोन-चार तरी चालू ठेवावीत, सुटे भाग त्यांच्यासाठी राखून.

नौका हाती आल्यावर पायऱ्या ओलांडू नयेत. आधी एकच विमान, दिवसा, उड्डाण न करता डेकवर फिरवायचं. मग दोन, मग चालत्या इंजिनांनी पार्किंग भरलेलं असताना, मग रात्री. प्रत्येक पायरीवर डेकवरच्या आगीचा आणि चाक फुटलेल्या विमानाचा सराव. प्रत्येक उड्डाणाआधी, उभ्या विमानाच्या हवेच्या मार्गांवर लावलेली लाल झाकणं मोजून काढायची आणि मोजूनच पेटीत ठेवायची. १७ नोव्हेंबर २०२१ ला भूमध्य समुद्रात ‘क्वीन एलिझाबेथ’वरून निघालेलं एफ-३५बी पाण्यात गेलं, कारण इंजिनाच्या हवेच्या मार्गात एक झाकण राहून गेलं होतं. वैमानिक वेळेत बाहेर पडला.